बारा नंबरचा व्हॉल्व्ह आणि पणजोबा टेप

"माझ्याकडे आलेली गोष्ट हरवत नाही!"

हे वाक्य बॅकअपराव दिवसातून किमान तीनदा म्हणत. सकाळी हजेरीपुस्तकात सही करताना, दुपारी डबा उघडताना आणि संध्याकाळी निघताना. शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात संगणक विभाग म्हणजे बॅकअपराव आणि बॅकअपराव म्हणजे संगणक विभाग. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, पण तिथून ते कधी बाहेर पडत नसे.

त्यांचं मुख्य काम एकच. रोज संध्याकाळी कार्यालयातली सगळी माहिती टेपवर उतरवायची, टेप भरली की तिच्यावर तारीख घालायची आणि ती लोखंडी कपाटात ठेवायची. टेप म्हणजे गाण्याची नव्हे हं! हाताच्या पंजाएवढी चौकोनी जाड डबी, आणि तिच्या पोटात मैलभर फीत. मशीन बंद पडलं, चोरीला गेलं, जळलं, तरी टेपवरून सगळं परत मिळतं, असं त्यातलं शास्त्र. बारा वर्षांत अशा अडीचशे टेपा जमल्या होत्या आणि प्रत्येकीवर बॅकअपरावांचं मोत्यासारखं अक्षर होतं. कुणी पाहुणा कार्यालयात आला की त्याला चहाआधी हे कपाट पाहावं लागे.

हे कपाट ज्या थंड खोलीत होतं, ती पूर्वी दप्तरखान्याची खोली. तिथे दप्तरबाई बसत. शहराच्या पोटातल्या प्रत्येक नळाचा नकाशा बाईंच्या ताब्यात असे आणि डोळे मिटून त्या हवा तो नकाशा काढून देत. बारा वर्षांपूर्वी बॅकअपरावांनी सगळे नकाशे स्कॅन केले, टेपवर घातले आणि तेव्हाच्या साहेबांकडून हुकूम काढून घेतला, की कागद लगद्याला पाठवा.

"आजपासून या खोलीत कागदाचा कपटासुद्धा ठेवायचा नाही!" बॅकअपरावांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं. "कागद म्हणजे धूळ, आणि धूळ म्हणजे मशीनला दमा! पुन्हा कुणी कागदाचं नाव काढलं तर मी लेखी तक्रार करीन!"

बाईंनी गठ्ठे बांधले, खोली झाडली, नवीन कपाट पुसून कप्प्यांत पांढरं स्वच्छ कापड अंथरून दिलं, आणि आपलं टेबल घेऊन त्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी जाऊन बसल्या. तेव्हापासून त्यांना कुणी काही मागितलं नाही. निवृत्तीला आता चार महिने उरले होते.

तर मंडळी, मंगळवारी सकाळी कार्यालयाजवळच, वाचनालयासमोरच्या चौकात मोठा नळ फुटला.

फुटला म्हणजे कसा? रस्ता मधोमध उचलला गेला आणि दुमजली उंचीचं कारंजं सुरू झालं! माणसं छत्र्या उघडून बघायला उभी राहिली. खालच्या भागात पाणीच पाणी, आणि वरच्या भागात एक थेंब नाही. वरच्या भागात तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं? बॅकअपराव!

मोठ्या मॅडमनी तातडीची बैठक बोलावली. मॅडम कार्यालयाच्या प्रमुख. त्यांना छोटी वाक्यं आवडत.

"नळ बंद कसा होईल?"

"बारा नंबरचा व्हॉल्व्ह फिरवला की झालं," पानाकाका म्हणाले. पानाकाका म्हणजे कार्यालयाचे सर्वांत जुने फिटर. हातभर लांबीचा पाना त्यांच्या खांद्यावर कायम असे, बैठकीतसुद्धा.

"मग फिरवा."

"फिरवतो की. पण तो सापडायला हवा. त्याच्यावर तीनदा डांबर पडलंय, मॅडम. व्हॉल्व्ह आहे एवढं नक्की. कुठे आहे ते डांबराला ठाऊक!"

"नकाशा?"

सगळ्यांच्या माना बॅकअपरावांकडे वळल्या. या क्षणाची ते बारा वर्षं वाट बघत होते. त्यांनी चष्मा पुसला, उगाचच, कारण तो स्वच्छच होता.

"अर्ध्या तासात तुमच्या टेबलावर! माझ्याकडे आलेली गोष्ट हरवत नाही."

मॅडमनी तिथल्या तिथे फोन उचलला आणि वरिष्ठांना कळवून टाकलं, "अर्ध्या तासात नकाशा येतोय." मग दुसरा फोन खोदाईच्या यंत्राला. "अर्ध्या तासात या."

बॅकअपराव थंड खोलीत शिरले. टेप ड्राइव्ह, म्हणजे टेप वाचणारं यंत्र, महिन्यापूर्वीच नवं कोरं आलं होतं. आधीच्यापेक्षा चौपट वेगाचं! त्यांनी कपाट उघडलं, बारा वर्षांपूर्वीची 'नकाशे, सर्व' अशी टेप अलगद काढली आणि ड्राइव्हच्या तोंडात दिली. ड्राइव्हने ती आत ओढली, घुर्र केलं, थोडा विचार केला आणि टेप बाहेर टाकली. वर लाल दिवा.

"भूक नसेल," असं म्हणून त्यांनी पुन्हा दिली. पुन्हा बाहेर! टेपवर फुंकर मारली. शर्टाला पुसली. ड्राइव्ह साफ करायची खास टेप असते, ती घालून त्याचा घसा साफ केला. मग पुन्हा दिली. ड्राइव्हने या वेळी घुर्रसुद्धा केलं नाही.

त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडचा माणूस फार सभ्य होता. अशी माणसं वाईट बातमीसाठीच नेमलेली असतात.

"साहेब, आपला ड्राइव्ह आठव्या पिढीचा आहे. टेप कितव्या पिढीची?"

"टेपला पिढी असते?"

"कोपऱ्यात आकडा असेल बघा."

बॅकअपरावांनी डोळे बारीक केले. "पाच."

"साहेब, आठव्या पिढीचा ड्राइव्ह आठवी आणि सातवी वाचतो. त्याच्या मागची नाही. म्हणजे असं समजा, तो वडिलांशी बोलतो, पण आजोबांना ओळखत नाही. आणि तुमची टेप तर पणजोबा झाली."

"अहो, पण एकाच घराण्यातली ना? दिसायला अगदी सारखी आहेत!"

"घराणं तेच. बोलणं बंद."

"मग माझ्या नंतरच्या टेपा? त्यांच्यावर सहा लिहिलंय."

"ते आजोबा."

बॅकअपरावांनी कपाटाकडे पाहिलं. अडीचशे डब्या रांगेत उभ्या होत्या, आणि महिन्याभरातल्या एकदोन सोडल्या तर त्यांतली एकही आता वाचता येत नव्हती. बारा वर्षं त्यांनी रोज संध्याकाळी जे केलं होतं, ते सगळं त्यांच्यासमोर उभं होतं आणि मुकं होतं. ते खुर्चीवर बसले.

"आधीचा ड्राइव्ह सहाव्या पिढीचा असेल," फोनवरचा माणूस म्हणाला. "तो पाचवी वाचतो. तो जोडा ना!"

आधीचा ड्राइव्ह! महिन्यापूर्वी मॅडमनी विचारलं होतं, जुना ठेवायचा का? आणि बॅकअपराव म्हणाले होते, "अडगळ कशाला मॅडम? टेप म्हणजे टेप! नवा सगळं वाचेल!" त्यांनी स्वतः तो भंगाराच्या गाडीत चढवला होता. वर गाडीवाल्याला हातही केला होता.

आणि मशीनमधले नकाशे? ते चार वर्षांपूर्वी त्यांनीच पुसले होते. टेपवर आहेत, मग जागा का अडवायची?

दारात दप्तरबाई उभ्या होत्या. खोलीत यायची त्यांना बंदी नव्हती, पण त्या उंबऱ्यापाशीच थांबत.

"कपाट रिकामं करून बघितलंत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"बाई, कपाट रिकामं करून काय करू? आत जाऊन बसू?"

बाई निघून गेल्या.

अर्धा तास संपला. बाहेर खोदाईचं यंत्र येऊन उभं राहिलं आणि नकाशा नाही म्हणून त्याचं काही अडेना. चालक उत्साही होता. पानाकाकांनी लोखंडी कांडीचं एक टोक रस्त्यावर ठेवलं, दुसरं कानाला लावलं आणि पाण्याचा आवाज ऐकू लागले. पण कारंज्याच्या गडगडाटात शहरभर एकच आवाज होता. शेवटी काका म्हणाले, "इथे असावा." खणलं. माती निघाली. "मग इथे असावा." खणलं. जुनं गटार निघालं. लोकांनी छत्र्या मिटून नाकाला रुमाल लावले.

संध्याकाळी बॅकअपराव घरी पोचले, तर जिन्यात बायको दोन बादल्या घेऊन उभी होती आणि वरच्या पायरीवर सासूबाई रिकामा तांब्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"अहो, कधी येणार पाणी?"

"नकाशा मिळाला की."

"नकाशा कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

बायकोने बादल्या खाली ठेवल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्याकडे आलेलं हरवत नाही म्हणता. मग आमचं पाणी गेलं कुणाकडे?"

बॅकअपराव बादल्या उचलून मुकाट्याने खालच्या भागातल्या टाकीकडे चालू लागले. तीन मजले, चार खेपा.

बुधवारी सकाळी त्यांना आठवलं, वीज कार्यालयात अजून बारा वर्षांपूर्वीचाच ड्राइव्ह आहे, म्हणजे तो पाचव्या पिढीचाच असणार! त्या लोकांनी कधीच काही टाकून दिलं नव्हतं, म्हणून बॅकअपराव त्यांना वर्षानुवर्षं हसत आले होते. आता तेच तिथे गेले, हात जोडले, तीन अर्ज भरले आणि ड्राइव्ह मांडीवर घेऊन परतले. वाटेत प्रत्येक खड्ड्याला त्यांनी त्याला पोटाशी धरलं.

ड्राइव्ह आला, पण त्याची वायर नव्या मशीनला बसेना. त्या वायरसाठी एक कार्ड लागतं, ते जुन्या मशीनमध्ये असतं. जुनं मशीन? ते दप्तरबाईंच्या टेबलाशेजारी होतं आणि त्याच्यावर बाईंनी कुंडी ठेवली होती. हिरवंगार झाड, रोज पाणी घातलेलं.

"बाई, कुंडी उचला! हे मशीन हवंय!"

"उचलते. पण एक सांगू का, त्या कपाटात..."

"आता नको, बाई! हात जोडतो!"

बाईंनी कुंडी उचलली. मशीनच्या पाठीवर पाण्याचा गोल डाग होता, तो बॅकअपरावांनी रुमालाने टिपला. आतलं कार्ड नव्या मशीनच्या खाचेत जाईना, म्हणून जुनंच मशीन सुरू करायचं ठरलं. ते सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. पहिली सहा मिनिटं काहीच होत नव्हतं, पुढची पाच मिनिटं काहीतरी जळल्याचा वास येत होता. पण सुरू झालं! बॅकअपरावांचे डोळे भरून आले.

मशीन म्हणालं, "हा ड्राइव्ह मी ओळखत नाही. त्याचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या."

ठीक! उतरवायला घेतलं. दहा टक्के. चाळीस टक्के. बाहेर खोदाईच्या यंत्राचा आवाज येत होता. मॅडम स्वतः मागे येऊन उभ्या राहिल्या. नव्वद टक्के. पंच्याण्णव. सत्त्याण्णव...

बाहेर 'खळ्ळ' असा आवाज झाला. पडद्यावरचा आकडा थांबला. टेबलावरचा फोन मुका झाला. दोन मिनिटांनी पानाकाका चिखलाने माखलेले आत आले. त्यांच्या हातात मनगटाएवढी जाड काळी वायर होती, दोन्ही टोकं लोंबणारी.

"ही कुणाची हो?"

बॅकअपरावांनी कपाळाला हात लावला. ती कार्यालयाची इंटरनेटची वायर होती. कार्यालयाचीच नव्हे, सगळ्या रस्त्याची.

"व्हॉल्व्ह?" मॅडमनी विचारलं.

"व्हॉल्व्ह नाही मिळाला. पण हिच्या नकाशाचीही कुणी टेप करून ठेवली असेल ना?" काका म्हणाले. त्यांना खरंच उत्सुकता होती.

मग बॅकअपराव लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेले, कारण थंड खोलीत मोबाइलला रेंज नव्हती. गच्चीवरच्या टाकीच्या सावलीत चार तास बसून त्यांनी ते सॉफ्टवेअर एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. वरून त्यांना सगळं दिसत होतं. चौकातलं कारंजं, रस्त्यातले तीन खड्डे, आणि तिन्ही खड्ड्यांची माती कार्यालयाच्या फाटकाशी टाकून झालेला ढिगारा. वरच्या भागाकडे बादल्या घेऊन जाणारी माणसांची रांगही दिसत होती. रांगेत त्यांची बायको होती. त्यांनी मान फिरवली.

गुरुवारी दुपारी सगळं जुळलं. जुनं मशीन, जुनं कार्ड, जुना ड्राइव्ह, जुनी टेप. टेप आत गेली. घुर्र झालं. सगळ्यांनी श्वास रोखला. लाल दिवा लागला नाही. हिरवा लागला!

"वाचतोय!" बॅकअपराव ओरडले. "मॅडम, वाचतोय! पणजोबा बोलायला लागले!"

पानाकाकांनी टाळी वाजवली. उंबऱ्याशी दप्तरबाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे बॅकअपरावांनी विजयी नजर टाकली. पडद्यावर एक छोटी चौकट उघडली. 'पासवर्ड द्या.'

बॅकअपराव पडद्याकडे बघत राहिले.

"द्या की," मॅडम म्हणाल्या.

"हो. देतो. तो मी... बारा वर्षांपूर्वी घातला होता. अवघड होता. अठरा अक्षरांचा. कुणालाही ओळखता येऊ नये असा."

"लिहून ठेवला असेल."

"कागदावर? छे! मी कागदावर काही लिहीत नाही मॅडम! मी तो एका फाइलमध्ये सुरक्षित ठेवला."

"फाइल कुठे आहे?"

बॅकअपरावांच्या कपाळावर घाम आला. खोली थंड होती, तरी आला. "ती फाइल मशीनमधून पुसली. पण टेपवर घेतली होती."

"कुठल्या टेपवर?"

बॅकअपरावांनी बोटाने ड्राइव्हकडे दाखवलं.

बाहेर कारंजं गडगडत होतं.

"म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत ठेवून तुम्ही तिजोरी लावलीत," मॅडम सावकाश म्हणाल्या. इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"हो मॅडम. पण किल्ली सुरक्षित आहे!"

आता अंदाजाने घालून बघण्याशिवाय इलाज नव्हता. बॅकअपरावांनी मुलीचं नाव घातलं. चूक. सासूबाईंचं गाव घातलं. चूक. गच्चीवर पळत जाऊन बायकोला फोन केला.

"ऐक ना, बारा वर्षांपूर्वी मी पासवर्ड म्हणून काय ठेवलं असेन? तुझा वाढदिवस असेल का?"

"माझा वाढदिवस? तो तुम्हाला तेव्हा आठवत होता? आता कधी असतो, सांगा बघू!"

त्यांनी घाईघाईने फोन ठेवला. दहाव्या चुकीनंतर पडद्यावर अक्षरं उमटली. 'ही टेप कायमची बंद करण्यात आली आहे.' ड्राइव्हने टेप बाहेर टाकली, अगदी हळुवारपणे.

मॅडम निघून गेल्या. पानाकाका पाना खांद्यावर टाकून चौथा खड्डा खणायला गेले. बॅकअपराव एकटेच उरले. त्यांनी अक्षरशः हातपाय गाळले. उद्यापासून कोण आपल्याला बॅकअपराव म्हणणार, आणि म्हटलं तर कशा आवाजात म्हणणार, असा विचार करत ते खुर्चीत बसून राहिले. सासूबाईंचा रिकामा तांब्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग त्यांच्या मनात आलं, की बारा वर्षांपूर्वी एखाद्या कमकुवत क्षणी आपण कुठे चिठ्ठी तर लिहिली नसेल? कपाटाच्या कोपऱ्यात, कापडाखाली सरकवली असेल? दुसरी एखादी टेप त्या किल्लीने उघडेल! काडीचा आधार होता, पण ते उठले. वरच्या कप्प्यातल्या टेपा काढून जमिनीवर ठेवू लागले.

"मी लावू का हात?" बाईंनी उंबऱ्यावरून विचारलं.

"लावा," ते म्हणाले. नको म्हणायची ताकदही उरली नव्हती.

दोघांनी मिळून कप्पा रिकामा केला. बॅकअपरावांनी पांढऱ्या कापडाचं टोक धरून उचललं. चिठ्ठी नव्हती. पण कापड जरा जास्तच जाड वाटलं. त्यांनी ते उलटं केलं.

कापडाच्या दुसऱ्या बाजूला कागद डकवलेला होता. कागदावर निळ्या आणि लाल शाईच्या बारीक रेघा होत्या, रस्त्यांची नावं होती, आणि जागोजागी गोलात आकडे. वाचनालय. चौक. कार्यालयाचं फाटक. फाटकापाशी एक लाल गोल, आणि गोलात बारा.

बॅकअपरावांची बोबडी वळली. "बाई... हे... हे लगद्याला..."

"जुने नकाशे कापडावर डकवलेले असायचे," बाई म्हणाल्या. "फाटू नयेत म्हणून. गठ्ठे बांधले तेव्हा व्हॉल्व्हचे चौदा नकाशे गाडीत टाकायला माझा हात उचलेना. तुम्ही म्हणाला होतात, खोलीत कागद ठेवायचा नाही. मी कागद ठेवला नाही. कापड अंथरलं."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"तीन दिवस सांगतेय की! सगळ्यांसमोर कशी सांगू? हुकूम मोडलाय मी. चार महिने राहिलेत माझे. मॅडमना कळलं तर?"

बॅकअपरावांना एकदम लाज वाटली. खरी लाज, कान तापवणारी. याच खोलीतून त्यांनी या बाईला पाण्याच्या पिंपाशेजारी बसवलं होतं, आणि तीन दिवस तिला एक वाक्य पुरं करू दिलं नव्हतं. ते नकाशा घेऊन पळत सुटले.

पानाकाकांनी नकाशा पाहिला, फाटकाच्या डाव्या खांबापासून चार पावलं मोजली आणि थांबले. समोर तीन खड्ड्यांच्या मातीचा डोंगर होता. व्हॉल्व्ह बरोबर त्याच्या खाली होता!

"तरीच!" काका म्हणाले. "सगळीकडे खणलं, फक्त माती टाकली तिथे नाही!"

यंत्राने डोंगर हलवायला अर्धा तास घेतला. खाली डांबर, डांबराखाली लोखंडी झाकण, झाकणावर बारा. काकांनी पाना लावला, दोन माणसं लटकली आणि चौकातलं कारंजं हळूहळू खाली बसलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. छत्र्या मिटल्या. आता फुटका तुकडा बदलला की संध्याकाळी वरच्या भागात पाणी येणार होतं.

मॅडम मोबाइलवर होत्या. बॅकअपराव केबिनच्या दाराशी पोचले तेव्हा त्यांच्या कानावर पडलं, "हो, नकाशा मिळाला. टेपांच्या कपाटातून निघाला, म्हणजे टेपमुळेच! बॅकअप म्हणजे बॅकअप. कार्यालयात उरलेला कागदही आता आम्ही लगद्याला पाठवतोय. उद्याच."

बोळात दप्तरबाई आपल्या टेबलाशी मान खाली घालून उभ्या होत्या, आणि टेबलावर त्यांची कुंडी होती. गप्प राहिलं तर नाव राहत होतं. कुणाला काही कळणारही नव्हतं.

"मॅडम, थांबा!" ते ओरडले. "टेपमुळे नाही! टेप एक अक्षर बोलली नाही! माझा हुकूम बाईंनी मोडला, म्हणून नकाशा मिळाला. माझा मूर्ख हुकूम होता. शिक्षा करायची तर मला करा!"

मॅडमनी फोन खाली ठेवला. बॅकअपरावांनी सगळं सांगितलं. मॅडमनी बाईंना आत बोलावलं, नकाशा टेबलावर पसरला आणि त्यावरून तळवा फिरवला. बारा वर्षं कपाटात पडलेला नकाशा, पण त्याला एक घडी नव्हती, एक सुरकुती नव्हती. इस्त्री केल्यासारखा सपाट!

"छान जपलाय, बाई," त्या म्हणाल्या. "खोली उद्यापासून तुमची."

"आणि टेपा?" बॅकअपरावांनी चाचरत विचारलं. "अडीचशे आहेत. टाकून द्यायच्या का?"

"टाकू कशाला?" मॅडम म्हणाल्या. "होत्या तशाच ठेवा. नकाशांवर. वजनाला उत्तम आहेत."

संध्याकाळी बॅकअपराव घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघरातला नळ आधी खोकला, मग थुंकला, मग धो धो वाहू लागला. सासूबाईंनी तांब्या भरून जावयाच्या हातात दिला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

"म्हणजे खरंच तुमच्याकडे आलेलं हरवत नाही म्हणायचं!"

"बघ आई, मी म्हणत नव्हते?" बायको म्हणाली. "अहो, टेपमधूनच निघाला ना नकाशा?"

बॅकअपरावांनी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

"मधून नाही," ते शेवटी म्हणाले. "खालून."